साउंड

लर्विकच्या दवाखान्यात, स्पंजच्या भिंतींच्या खोलीत
मॅग्नी हॅलक्रो कानांवर यंत्र चढवून बसलाय.
खोली इतकी मुकी
की स्वतःची दाढी ऐकू येते, कॉलरवर खरखरताना.

"साउंड आला की बटण दाबा,"
काचेपलीकडून कर्स्टन म्हणते,
आणि त्याच्या डोक्यात पाणी शिरतं.

येल बेटाच्या माणसाला साउंड म्हणजे आधी पाणीच.
दोन बेटांमधलं, ओहोटीला दात दाखवणारं.
जुन्या नॉर्स जिभेवर ते सुंड होतं, म्हणजे पोहणं:
पोहून जाता येईल एवढाच समुद्र.
पोहून कोण गेलं, कुणी लिहून ठेवलं नाही.
मॅग्नीच्या आजोबांचा एक मेंढा गेला होता म्हणतात,
परत यायला तयार नव्हता.

माझ्या भाषेत या पाण्याला सामुद्रधुनी म्हणतात.
धुनी म्हणजे नदी,
आणि नदी होण्याआधी, गर्जणारी.
म्हणजे आपणही कधीतरी
पाणी कानानंच ओळखलं होतं.

कानातला साउंड मात्र लॅटिनच्या घरचा.
फ्रेंचांकडून इकडे आला तेव्हा त्याला शेवटचा ड नव्हता.
न म्हणून झाल्यावर जीभ उचलायला उशीर झाला
की ड होतो.
चूक होती. राहिली.

आणखी एक साउंड इथल्याच मातीतला:
शाबूत, निरोगी, न किडलेला.
माणूस, झोप, बोटीची फळी.

चाळीस वर्षं मॅग्नी हातोडी घेऊन
उपड्या बोटींभोवती फिरला.
टण्ण वाजली तर फळी धड,
थप्प वाजली तर आतून गेलेली.
साउंडवरून साउंड.
दोन परके शब्द
त्याच्या हातोडीखाली एका घरात नांदले.

मग गेल्या मार्चमध्ये विल्मा इस्बिस्टरची बोट आली.
थप्प. थप्प. पुढची पण थप्प.
त्यानं तीन फळ्या उपसल्या.
आत लाकूड मधासारखं पिवळं,
राळेचा वास अजून ताजा.
विल्मा काही बोलली नाही.
चहा ओतला, साखर विसरली.
मॅग्नी त्या फळ्यांकडे बघत बसला.
वरचे सूर आधी जातात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
टण्णमधला ण्ण गेला होता.

चौथा साउंड राहिलाच.
दोरीला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला चरबी;
पाण्यात सोडायचा, वर ओढायचा.
त्याचा काका रास्मी चरबीला चिकटलेली वाळू
जिभेवर घेऊन सांगायचा, आपण कुठे आहोत.
या शब्दाचं गोत्र नक्की नाही.
कुणी म्हणतं फ्रेंच,
कुणी म्हणतं त्या पोहणाऱ्या सुंडचाच
हरवलेला मुलगा.

काचेपलीकडे कर्स्टन बोट फिरवते,
एक बारीक सूर त्याच्यात सोडते, आणखी खाली,
आणखी.
दोरी संपत नाही.
बटणावर अंगठा तसाच.

बाहेर आल्यावर ती कागद पुढे करते.
रेघ डावीकडे बरीच सपाट,
मग उजवीकडे घसरत गेलेली.
"हा तुमच्या कानांचा आलेख," ती समजावू लागते.

समजावायची गरज नाही.
असले नकाशे त्यानं आयुष्यभर वाचलेत.
रेघ जिथे मोडते तिथे
डांबर मुरलेलं नख टेकवून तो म्हणतो,
"इथपर्यंत पाय टेकतात."