मुडी

राजीनाम्यात कारण लिहिलं, शीड.
साहेबांनी ते शेड वाचलं.
म्हणाले, एमआयडीसीत घेतलीस? कितीला?

अकरा वर्षं बँकेत. तारण, थकबाकी, जप्ती,
आणि टेबलाच्या काचेखाली एक बोट,
कॅलेंडरातून कापलेली.

सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी.
शेजारची यल्लव्वा पिंप भरता भरता विचारते,
बोटीवर प्यायला किती देतात?
माणशी तीन लिटर.
मग जमंल तुला.

रात्री कपडे वाळत घालायच्या दोरीवर
गाठी शिकतो, मोबाईल भिंतीला टेकवून.
एक जाड दोर, एक बारीक. जोडायचे.
सुटते.
पुन्हा सुटते.

नाना खाटेवरून बघतायत.
चाळीस वर्षं मागावर, एक कान तिथंच राहिला.
उठतात, दोर घेतात,
हातांकडं बघतसुद्धा नाहीत.
मुडी, म्हणतात. तुटलेल्या ताण्याची.
ओढ आता.

ओढतो. धरते.

तिकडं रात्री आवाज कशाचा असतो रे?
माहीत नाही, नाना.
हं, म्हणतात,
आणि चांगला कान उशीत दाबून
झोपतात.