चिल्लर

शलाकाच्या फोनमधला माणूस सांगतो,
पिल्लू शिकवायचं तर एक टिकटिक्या आणा.
बरोबर वागलं की टिक, आणि लगेच खाऊ.
ऑनलाइन तीनशे वीस रुपये.
मी माळ्यावरून ट्रंक उतरवली.
तळाशी, खाकीच्या घडीत, माझा तिकिटांचा पंच,
मरोळ डेपोत जमा करायचा राहून गेलेला
(म्हणजे, राहू दिलेला).
एकतीस वर्षं याच टिकटिकीवर
पेंगणारे जागे केले, दारातले आत सरकवले.
दाबून पाहिला.
सोफ्याखालून एक कान बाहेर आला.

रंग तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका,
पंच मारल्यासारखा.
बायको म्हणाली, चिल्लर काय नाव आहे?
रस्त्यात हाक माराल तर लोक खिसे चाचपतील.
तेच ठेवलं.

फोनमधला माणूस सांगतो, एका गोष्टीला एकच शब्द.
इथे मी म्हणतो बस, शलाका म्हणते सिट,
खालचा रामसुरत म्हणतो बैठ, बेटा, बैठ,
आणि समोरच्या लोबोबाई काहीच म्हणत नाहीत,
नुसतं बिस्किट दाखवतात.
तो फक्त त्यांचं ऐकतो.

पहिला आठवडा नाइट ड्यूटीसारखा गेला.
दीडला शू, सव्वातीनला शू,
चार वीसला पुन्हा, म्हणजे पहिली गाडी सुटायच्या वेळेला.
तीन जिने, त्याला छातीशी धरून, अनवाणी.
खाली ठेवलं की स्कूटरचं चाक हुंगतो,
आभाळ बघतो, जांभई देतो.
वर आणलं की दारातच,
पसरलेल्या पेपरच्या बरोब्बर शेजारी.
ओरडायचं नाही म्हणे. गप्प पुसायचं.
बायको म्हणाली, इतक्या वर्षांत
हे माझ्या बाबतीत नाही कधी जमलं तुम्हाला.

एक चप्पल गेली, रिमोटची तीन बटणं गेली,
पेन्शनच्या फाइलीचा कोपरा गेला.
दोरीचं मात्र मी फोनला न विचारता शिकवलं:
एकदा हलकं ओढलं की थांब,
दोनदा, चल.
चार दिवसांत कळलं त्याला.
नव्या ड्रायव्हरना याहून जास्त लागायचे.

काल इंजेक्शनाला न्यायचं होतं.
पहिला रिक्षावाला नको म्हणाला, दुसरा नको म्हणाला,
तिसऱ्याने नुसता हात हलवला.
तेव्हा आठवला तो.
साकीनाक्याचा चढ, दुपारची गाडी, निम्मी रिकामी,
आणि दप्तराची चेन चार बोटं उघडी ठेवून बसलेला पोरगा.
चेनमधून एक ओलं नाक.
नियम होता की नव्हता,
आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.
एक घंटी मारली. तो उतरला.
दोन घंट्या मारल्या.
पाचाच्या नोटेतले त्याचे साडेतीन रुपये
तिकिटामागे लिहून दिले होते मी,
ते तसेच राहिले.

चालत निघालो. चिल्लर कधी पायात, कधी काखेत.
मरोळ नाक्याच्या थांब्यावर गर्दी होती,
कुणीतरी ओरडलं, बस! बस आली, बस!
आणि हा बसला.
भर फुटपाथवर, शेपटी नीट गोळा करून,
लोक वरून ढांगा टाकताहेत,
त्याची नजर माझ्यावर.

पंच होता खिशात. टिक.
उकडलेली कलेजी सकाळीच संपलेली.
एक खिसा उलटा केला, दुसरा केला,
तोंडात आलं ते तीस वर्षांचं जुनं वाक्य:
सुट्टे नाहीत रे,
उरलेले उतरताना घे.

गाडी भरली, गेली.
तो बसूनच होता.