हातचा एक

आरोग्यकेंद्रातून यामिला आली,
काखेत पाटी, पाटीवर दोन पानं, कानामागे पेन्सिल.
म्हणाली, त्यांना नाही बाई, तुम्हालाच विचारायचंय.
गेल्या चार आठवड्यांतलं सांगा.
शून्य म्हणजे स्वतःचं स्वतः करतात,
तीन म्हणजे मुळीच जमत नाही.
जितका आकडा मोठा, तितका माणूस कमी,
हे तिने सांगितलं नाही, मला कळलं.

ओविदियो दाराशी संत्री सोलत होता.
साल्तोत संत्र्यांना तोटा नाही.
साल न तुटता उतरते त्याच्या हातून,
लांबच लांब, पायापर्यंत.
त्यावर प्रश्न नव्हता.

पैशांचा व्यवहार?
बेकरीत जातो, एदेल्मिराच्या हातात अख्खं पाकीट देतो.
ती पावाचे तेवढे घेते, पाकीट परत खिशात ठेवते,
खिशाचं बटण लावते.
पाव घरी येतो. गरम असतो.
आता तूच सांग, हा व्यवहार कोणी केला?
यामिला म्हणाली, रकाना माणसाचा आहे बाई, गल्लीचा नाही.
लिही मग दोन.

एकटे बाहेर जाऊन परत येतात?
जातो.
येतो तो कधी टायरवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून,
कधी शाळा सुटल्यावर पोरांच्या रांगेत शेवटचा,
सगळे पांढऱ्या झग्यात, गळ्याशी निळा बो,
आणि हा तपकिरी कोटात, तितक्याच शिस्तीत.

स्वयंपाक?
पन्नास वर्षांत साधं अंडं उकडलं नाही.
त्याला वेगळा रकाना निघाला: ‘आधीपासूनच करत नव्हते.’
गुण नाहीत त्याला.
मला हसू आलं. या देशातले किती नवरे
त्या एका रकान्यात सुखाने नांदत असतील.

औषधं?
मी देते. मागच्या मंगळवारी मीच विसरले.
ते कुणाच्या नावावर घालू?

चहा-कॉफी करतात?
चहा नाही, आमच्याकडे माते.
पाणी उकळू द्यायचं नसतं, ते त्याच्या बोटांना ठाऊक आहे,
किटली कुरकुरायला लागली की उतरवतो.
पहिला घोट स्वतः, मग माझी पाळी,
मग भरून धरतो रिकाम्या खुर्चीपुढे, भावासाठी.
विल्मारला जाऊन अकरा वर्षं झाली.
थोडा वेळ थांबतो. मग त्याच्या वाटचं स्वतः पितो.
यामिलाची पेन्सिल थबकली. शून्य लिहू की एक?
चव बिघडत नाही, मी म्हटलं.
तिने शून्य लिहिलं, पुन्हा खोडलं.

रात्रीचं विचारलं तेव्हा मात्र
मी हातचं राखून बोलले.
दोरीवर चादर वाळत होती. तिने पाहिली,
पण उत्तर माझं होतं, तिने माझंच लिहिलं.

मग बेरीज. पहिल्या पानाचे अठरा, दुसऱ्याचे सोळा.
खाली तिने लिहिलं चोवीस.
चोवीस म्हणजे तसं बरं आहे, म्हणाली.
मी मान हलवली. बरं ते बरं.

ओविदियो कधी मागे येऊन उभा राहिला, कळलं नाही.
संत्र्याने चिकट झालेलं बोट त्याने कागदावर टेकवलं.
“हातचा एक राहिला.”
गुदामात चाळीस वर्षं पेट्या मोजताना
असाच आवाज असायचा त्याचा.
यामिलाने पुन्हा मांडलं: आठ नि सहा चौदा,
चाराला चार, हातचा एक.
चौतीस.
कागद खरा निघाला आणि हा दहाने उणा,
आणि चूक पकडली यानेच.
त्यावरही प्रश्न नव्हता. तिने पानं उलटसुलट करून पाहिली.

“कुणाचा माल हा?” त्याने विचारलं.
“आपलाच.”
“मग पुन्हा मोजा,” तो म्हणाला,
“घरच्या मालाची मोजणी कधी बरोबर येत नाही.”