दगडातला केस

पिएत्रासांतात दगडातल्या चिरेला चीर म्हणत नाहीत,
म्हणतात पेलो. केस.
जेवताना निघावा तसाच तो निघतो:
पाच टन पांढऱ्याशुभ्र भातात एखादाच,
आणि मग सगळं पानच उचलावं लागतं.

म्हणून दगड आधी वाजवून घ्यायचा,
बाजारात मडकं घेतात तसा.
हातोडीची एक टिचकी, कान जवळ.
खणखणला तर आपला.
बद्द बोलला, तर बैलांना कोण सांगणार, न्या परत,
आणि साबण चोपडलेल्या ओंडक्यांवरून
तो डोंगर उतरताना
ज्याचा पाय गेला, त्याला काय सांगणार.

दूइलियोला हे सगळं बापाकडून आलं:
टाक्या, दातेरी छिन्न्या, कानशी,
आणि एक पितळेचा क्रूस, त्याला सरकती सुई.
सुई प्लास्टरच्या पुतळ्याला टेकवायची, स्क्रू आवळायचा,
क्रूस उचलून संगमरवरावर बसवायचा,
सुई जाईल तेवढंच भोक. तसूभर जास्त नाही.
अशी तीन हजार टिंबं.
मग टिंबांमधला दगड काढून टाकायचा.
शिल्पकार?
तो उत्तरेला असतो. माती मळतो,
प्लास्टरची बाई गवतात गुंडाळून पाठवतो,
सोबत चिठ्ठी: एप्रिलपर्यंत.

त्या वर्षी दोन हजार नऊशेव्या टिंबापाशी
बाईच्या मानेत केस निघाला.
करडा. कानामागून थेट गळ्यापर्यंत.
उत्तरेला तार केली. उत्तर नाही.
तीन दिवस दूइलियो न पेटवलेला चिरूट चघळत बसला.
चौथ्या दिवशी त्याने क्रूस खुंटीला अडकवला
आणि मान वळवली.
दोनच बोटं. कुणीतरी खिडकीतून हाक मारावी
आणि ओ द्यावी की नाही, असं व्हावं, तेवढी.
चीर अंबाड्याच्या सुटल्या बटेत गेली.
तिच्या शेजारी त्याने आणखी चाळीस केस कोरले.
आता शोधा.

मे महिन्यात शिल्पकार आला, हातमोजे काढले,
भोवती फिरला, मानेपाशी थांबला.
"हे वळण मला एका पहाटे सुचलं होतं,"
सगळ्यांना सांगितलं त्याने.
खोटं नव्हतं. त्याला ती पहाट आठवत होती.
पायाशी त्याचं नाव आलं, तेही दूइलियोनेच कोरलं,
अक्षरामागे ठरलेल्या दराने.

अर्जिया रोज संध्याकाळी त्याचा सदरा झटकायची,
अंगणातल्या कोंबड्या पांढऱ्या व्हायच्या.
तो मात्र दिसेल त्याला टिचकी मारून ऐकायचा:
पाव, कलिंगड, दाराची चौकट,
नातवाचं डोकंसुद्धा.
"खणखणीत," म्हणायचा. पोरगं खूश.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, म्हणतो आपण,
आणि तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे दगड असतो.
त्याच घावाच्या दुसऱ्या टोकाला
एक जण उभा असतो
श्वास घेत.

साठीच्या अलीकडे डॉक्टरने त्याची पाठ उघडी केली,
डावा तळवा ठेवला, बोटावर बोट वाजवलं.
वर. खाली. पुन्हा खाली.
"कळलं," दूइलियो म्हणाला,
डॉक्टरने तोंड उघडायच्या आत. "बद्द."
मग थोड्या वेळाने, धंद्यातल्या माणसाच्या आवाजात:
"कुठवर गेलाय?"
डॉक्टरने त्याच्या पाठीवर नखाने रेघ ओढली.
तो त्या रेघेचा अंदाज घेत राहिला,
खांदा जरा पुढे, हनुवटी जरा डावीकडे,
एकदा असा, एकदा तसा,
दोन बोटं, तीन बोटं.
कोपऱ्यात अर्जिया कोट धरून उभी.
"नीट बसा," ती म्हणाली. "गार लागेल."