मोजून पाणी

पहाटे चारला ओनोफ्रे हाक मारत नाही,
कंदील हलवतो.
एकदा म्हणजे चल,
दोनदा म्हणजे थांब, अजून पाणी आलेलं नाही.
आमच्याकडे ओहोटीला समुद्र इतका लांब जातो
की होडी चिखलात कुशीवर निजते,
आणि मी गमबूट घालून, शिंपल्यांवरून घसरत
तिच्यापर्यंत पोचते.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
सहा वर्षं झाली ऑक्टोबरात.

होडीने आचाओ, वारा बरा असला तर दोन तास.
तिथून बाउदिलिओच्या पुतण्याची व्हॅन.
मग व्हॅनसकट फेरीबोट,
आम्ही पाचजण आतच बसून खाडी ओलांडतो,
काचा आमच्याच श्वासांनी आंधळ्या.
मग कास्त्रो. मग चढ.
मग चार तास यंत्राशेजारी,
मग हेच सगळं उलटं,
अंधारात.

पिशवी नेहमी उजव्या हातात.
डाव्यात त्यांनी धमनी आणि शीर
एकमेकींना जोडून दिल्यात,
कान लावला तर आत घुरघुर ऐकू येते,
ओनोफ्रेच्या इंजिनासारखी.
त्याचं बंद पडलं की तो आईबापांचा उद्धार करत
दोरी ओढतो, तिसऱ्या झटक्याला सुरू होतं.
"तुमचं तसं नाही, एदुविना मावशी,"
यासना पट्टी बांधताना बजावते,
"या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही."

दिवसाला तीन पेले.
सूप धरून, बरं का. चहा धरून.
छपरावर पाऊस, कॉलरमध्ये पाऊस,
चहूकडे समुद्र,
आणि मी गालात बर्फाचा एवढासा खडा धरून
लग्नातल्या सुपारीसारखा पुरवून पुरवून चघळते.
शेजारीण कप भरते, अर्धा परत किटलीत ओतते,
मग माझ्यापुढे ठेवते. काही बोलत नाही.

आणि बटाटे!
आईने अकरा जातींची नावं पाठ करून घेतली होती,
जांभळा, वाकडा, मांजराच्या पंज्याएवढा.
आता चिरायचे, रात्रभर भिजवायचे, पाणी फेकायचं,
उकळायचे, ते पाणीही फेकायचं.
पानात येतं ते बटाट्याच्या आकाराचं काहीतरी.
सगळी चव पाण्यात जाते, पाणी कोंबड्यांना.
कोंबड्या कशा तुकतुकीत झाल्यात, येऊन बघा.

गेल्या जुलैत बंदर बंद केलं.
रेडिओवर नौदलाचा माणूस, कोवळ्या आवाजाचा,
लाटांची उंची सांगायचा.
बुधवार गेला.
शुक्रवारी पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला,
रात्री तीन उशा रचून बसले,
आडवं झालं की छातीत पाणी चढायचं.
ओनोफ्रे किनाऱ्यावर होता.
तासातासाला कंदील, दोनदा.
दहाला दोनदा. अकराला दोनदा.
पहाटेचे किती वाजले ते बघवेना,
तेव्हाही दोनदा.
शनिवारी उजाडता उजाडता एकदाच हलला,
आणि मी उठले तर गमबुटात पायच मावेनात.
चपला घालून गेले चिखलातून.

दवाखान्यातली बाई म्हणते, कास्त्रोत खोली आहे,
चालत पाच मिनिटं, भाडं सरकार देईल.
मागे तीन आठवडे राहून पाहिलं.
पाच मिनिटांत पोचायचे,
आणि उरलेल्या दिवसभर
खिडकीतून एका माणसाची मोटार बघायची,
तो ती रोज धुवायचा. पाईपने. कितीतरी पाणी.
मी अजून हो म्हटलेलं नाही.
नाही असंही म्हटलेलं नाही,
गुडघे रोज विचारतात.

काल परतताना डोळा लागला.
दमलं की कुठला हात कुठे, कळत नाही.
जाग आली तर किनारा जवळ, कुत्रं भुंकतंय,
आणि कानाशी इंजिनाची घुरघुर.
मी म्हटलं, ओनोफ्रे, आता बंद कर की ते,
खडक लागतील.
तो वल्हं टेकवत म्हणाला,
"केव्हाच केलंय."