छाट

आईच्या हजार विड्यांतल्या
पन्नास-साठ तरी कारखान्यातला चेकर
रोज बाजूला काढतो.
बोटाने दाबतो, कानाशी नेतो.
ही पोकळ, ही सैल, हिचं तोंड नीट मुडपलं नाही.
त्याला छाट म्हणतात.
छाटीचे पैसे नाहीत, विडीही परत नाही.

माझ्या ताऱ्यांना छाट नव्हती.
पाच तारे आणि चार ओळी, बारा रुपये;
चाळीस शब्दांच्या वर गेलं तर पंधरा.
विडी घरकुलात, पत्र्याखाली, पंख्याच्या खडखडाटात
एका दुपारी मी
बारामतीची कोमल झाले,
साताऱ्याचा निवृत्त फौजदार,
बाळंतपणाच्या रजेवरची शिक्षिका,
आणि कुणी अमर, ज्याला गाव द्यायचं राहून गेलं.
सगळ्यांनी आपली बचत एका ॲपवरून
अनोळखी लोकांना उसनी दिली होती,
सगळ्यांना पाच तारखेला व्याज आलं होतं.
पाच तारखेला आमच्या घरी
लाइटबिल येतं.

वरून सूचना होती:
एखादी चूक राहू द्या, माणसाने लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे.
म्हणून कोमलने लिहिलं, 'खूप विश्वस वाटला'.
तो काना मी काढला होता.
पंधरा रुपयांत तोही धरलेला.

व्यंकटेश कामटम, आमचे मामा,
सख्खे नव्हेत, गल्लीचे.
एकतीस वर्षं लूमवर जॉबर.
चादर घ्यायची झाली तर
दुकानदार बोलत असतानाच उलटी करणार,
वरचं पांढरं खाली लाल झालं का,
मोराची चोच पाठीमागेही चोचच आहे का.
भिशीतही तेच:
ज्याच्या घरचं पाणी प्यायलो नाही
त्याचं नाव वहीत नाही.
यंदा लूम भंगारात गेले,
हिशेबाचे पैसे हातात आले.

मला बोलावून मोबाईल पुढे धरला.
"बघ की गं, एक लाख चाळीस हजार टाकलोय."
"भरवसा कसा बसला, मामा?"
"किती तरी लोक लिहिलेत. ही पोरगी वाच, कोमल.
विश्वास लिहायला गेली, काना राहिला बघ.
खोटं लिहिणारा माणूस
असं चुकत नसतोय."

मोबाईल त्यांनी उलटा करून टेबलावर ठेवला.
पाठीमागे नातवाने चिकटवलेला
एक अर्धा सोललेला वाघ.

दोन महिने व्याज आलं.
मामांनी पहिल्याचे पेढे वाटले, आईनेही खाल्ला,
कागद घडी करून देवाच्या फळीवर ठेवला.
तिसऱ्या पाच तारखेला नुसतं
'प्रक्रियेत आहे'.
चौथ्याला तेही नाही.
मामा बोटाने पडदा खाली ओढत राहिले,
जसं कोणी तुटलेला धागा
गाठ मारायच्या आधी
चाचपून बघतं.

त्या रात्री मी एक तारा दिला.
श्रीलता गज्जम, विडी घरकुल, सोलापूर.
वरची कोमल मी आहे. फौजदार मी आहे.
अमरला गाव नाही, कारण मी विसरले.
पैसे टाकू नका.
एकेक काना, वेलांटी तपासून लिहिलं.
याचे कुणी काही देणार नव्हतं.

सकाळी मामांचा फोन.
"अगं श्रीलता, तुझं नाव घेऊन कुणी तरी लिहायलंय की!
दुसऱ्या कंपनीचं काम असणार, धंदा पाडायला.
आणि केवढं शुद्ध! एक चूक नाही.
आपल्यातलं कोण असलं लिहितं?"

समोर आई, मांडीवर सूप,
एक विडी दाबून बघत होती, टाकावी की ठेवावी.
मामांच्या कानाशी मी होते.

"मामा, ती मीच आहे."

"कोण मीच?"

पलीकडे नातवाचा टीव्ही,
कुणी तरी कुकर उतरवला.

"कोमल," मी म्हणाले.