दीर्घ ऊ

रविवार पेठेतून सात इंची डबा आणला,
कुकरच्या तळाशी मीठ पसरलं,
शिट्टी काढून खिडकीत ठेवली.
चाळीस मिनिटं ती तिथे गप्प,
मी स्टुलावर गप्प.
विणायची सुई खुपसा, कोरडी निघाली की झालं,
एवढंच सांगून गेली होती खालच्या मजल्यावरची फरीदा.

केक मधोमध फुगला, वर भेग गेली.
टेकाड कापा, म्हणाली, आणि उलटा करा,
कोणाला कळत नाही.

त्यात गुरुवार. वीज जाणार हे विसरलो.
निम्मं क्रीम बीटरनं, निम्मं हातानं,
पातेल्याखाली बर्फ, खांद्यात कळ.

दुधाच्या धुतलेल्या पिशवीचा कोपरा कापला.
जरा जास्तच कापला.

छत्तीस वर्षं सदाशिव पेठेतल्या छापखान्यात
लोकांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या.
आणि रेशनकार्डावर, पासबुकावर,
आमच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा
तिचा उ ऱ्हस्व.
राहू दे हो, म्हणायची,
हाक मारताना थोडंच कळतं.

ऊ काढला. शेपूट लांबलं, चालेल.
रफार घसरला,
काडीनं उचलून परत डोक्यावर बसवला.
शेवटच्या अक्षराला जागाच उरली नाही,
ते कडेवरून खाली उतरलं.

ऊर्मिला सहाला आली. चष्मा पुसून वाचलं.
"काना पडलाय ताटात," म्हणाली.
मग सुरी घेतली
आणि ऊच्या भोवतीभोवतीनं
सगळा केक कापून वाटला.

आता फ्रिजमध्ये, स्टीलच्या झाकणाखाली,
तेवढं एक अक्षर आहे.
कोणी हात लावायचा नाही.